आधी वाफ, मग उजेड

आमच्या गावात तिला गॅसबत्ती म्हणत. टाकीत ओतायचं ते रॉकेल, पेटवायला लागायचं ते स्पिरिट, दाबासाठी पंपानं भरायची ती साधी हवा. गॅसचा कुठे पत्ता नाही. तरी लग्नाच्या यादीत ‘गॅसबत्त्या – ६’ असंच लिहिलेलं असे. आठवीत असताना मी बत्त्या भाड्यानं देणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हे नाव चुकीचं असल्याचं मोठ्या अधिकारानं सांगितलं. ते दशावताराच्या रात्रीची तयारी म्हणून पायरीवर बसून निप्पल साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘शाळेत जातंस मां? मगे सांग, वयल्या नळयेतसून भायर काय येता? रॉकेल?’’

मला उत्तर आलं नाही. ते पुढची चाळीस वर्षं आलं नाही, कारण तोवर गावात वीज आली, बत्त्या माळ्यावर गेल्या आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला. या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना तो पुन्हा समोर उभा राहिला. लेखकांनी आयुष्यभर मशीन ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर भंगाराची दुकानं, देवळांच्या अडगळी, बंद पडलेले मंडपवाले असे हिंडून त्यांनी बत्त्या जमवल्या, एकेक भाग सोडवला, मापं घेतली आणि काढली ती चित्रं. मजकूर त्या चित्रांना धरून चालतो. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की त्या पायरीवरचा प्रश्न माझ्याकडे शिल्लक होता.

आपल्या भाषेनं हा घोळ आधीच एकदा घातलेला आहे. रॉकेलला आपण घासलेट म्हणतो आणि हा शब्द ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश मानला जातो. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ मध्ये. तो गॅस कारखान्यात दगडी कोळशापासून तयार होई आणि जमिनीखालच्या नळांतून दिव्यापर्यंत येई. रॉकेलचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण नव्या उजेडाचं नाव नव्या तेलाला चिकटलं. पुढे त्याच घासलेटावर चालणारी बत्ती आली आणि तिला पुन्हा गॅसबत्ती म्हटलं गेलं. पहिल्या वेळी लोक चुकले असतील. दुसऱ्या वेळी ते अगदी बरोबर होते. ही बत्ती रॉकेल जाळतच नाही. ती आधी रॉकेलाचा गॅस करते आणि मग तो जाळते. मुंबईला ज्यासाठी कारखाना आणि मैलोन्‌मैल नळ लागले, ते काम ती हातात धरता येईल एवढ्या पितळी टाकीच्या डोक्यावर करते. पुस्तकातला प्रत्येक भाग, त्याचा प्रत्येक आटा आणि वायसर, या एका गोष्टीपायी आलेला आहे.

असा खटाटोप का करावा लागला, हे कळायला साध्या कंदिलाकडे पाहावं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता त्यांना त्याची पिवळी ज्योत आठवेल. तो पिवळा रंग काजळीचा असतो. वातीवर रॉकेल अर्धवट जळतं, कार्बनचे बारीक कण ज्योतीत तापून लालपिवळे होतात आणि तोच आपला उजेड. वात जास्त वर केली की तेच कण न जळता काचेवर बसतात आणि सकाळी कोणाला तरी राखेनं काच घासावी लागते. म्हणजे कंदिलात उजेड हवा तर जळणं अपुरं राहिलं पाहिजे. उलट जळण पुरं झालं, भरपूर हवा मिळाली, की ज्योत निळी होते. ती कढत असते, पण तिच्या उजेडात नाणंही ओळखता येत नाही. स्टोव्हवर स्वयंपाक केलेल्या प्रत्येकीनं हे पाहिलेलं आहे.

कोंडी फुटली ती उष्णता आणि उजेड ही दोन कामं दोघांना वाटून दिली तेव्हा. निळ्या ज्योतीनं फक्त तापवायचं. प्रकाशायचं काम दुसऱ्यानं करायचं. ही वाटणी व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी यशस्वी केली. ते हायडेलबर्गला बुन्सेन यांचे विद्यार्थी. ज्या बर्नरची निळी ज्योत आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहतो तेच बुन्सेन. दुर्मीळ मृदा धातूंचे क्षार तपासताना सुती कापडाला ते द्रावण पाजून जाळलं, तर कापड जातं आणि ऑक्साइडची जाळी मागे उरते, ती ज्योतीत लखलखते, हे आउअर यांच्या ध्यानात आलं. पेटंट १८८५ चं. पण तो उजेड हिरवट होता, जाळी ठिसूळ होती आणि धंदा बुडाला. आउअर तरीही थोरियम अधिकाधिक शुद्ध करत बसले आणि उलटंच घडू लागलं: थोरियम जितकं शुद्ध, उजेड तितका कमी. शेवटी लक्षात आलं की प्रकाश देत होती ती अशुद्धी, म्हणजे किंचित मिसळलेलं सेरियम. १८९१ मध्ये प्रमाण ठरलं, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. सेरियम त्याहून वाढवलं तर उजेड पुन्हा घटतो, नुसतं थोरियम घेतलं तर जाळी जेमतेम मिणमिणते. थोरियमचं ऑक्साइड तीन हजार अंशांच्याही पुढे जाईपर्यंत वितळत नाही आणि स्वतःची उष्णता सहजी बाहेर टाकत नाही. त्यामुळे जाळी तापून राहते. त्या तापातून डोळ्यांना दिसणारा प्रकाश काढायचं काम त्या एका टक्क्याचं. रसायनशास्त्रातली इतकी नेमकी चिमूट मला दुसरी माहीत नाही.

या चिमटीच्या मागे आपल्या किनाऱ्याची गोष्ट आहे आणि लेखकांनी तिला एक पूर्ण प्रकरण दिलं याचा मला आनंद वाटतो. थोरियम मिळतं मोनाझाइटच्या वाळूत. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या एका जर्मनाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं आणि लवकरच मनवळक्कुरिचीला ती वाळू वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला. युरोपातल्या रस्त्यांवरचे दिवे त्यानंतर त्रावणकोरच्या वाळूवर पेटू लागले. स्वातंत्र्यानंतर हा व्यवहार सरकारनं हातात घेतला, १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी निघाली आणि १९५५ मध्ये तुर्भ्याला थोरियमचा कारखाना सुरू झाला. तिथलं थोरियम नायट्रेट मेंटल, म्हणजे बत्तीतली ही जाळी, करणाऱ्यांकडे जाई. ज्या तुर्भ्याचं नाव आपण अणुभट्टीमुळे घेतो, तिथून निघालेला माल जत्रेतल्या भेळवाल्याच्या डोक्यावर लटकत होता. आणखी एक जोडगोष्ट: मोनाझाइटमध्ये थोरियम थोडं आणि सेरियम, लँथेनम ढीगभर. मेंटलसाठी थोरियम काढून घेतल्यावर उरलेल्याचं काय करायचं, या विवंचनेतून आउअर यांनीच लोखंड मिसळून ठिणगी पाडणारा मिश्रधातू केला. सिगारेटच्या लायटरमधला खडा म्हणजे मेंटलचा चोथा.

मेंटल हा शब्द आमच्याकडे असाच, इंग्रजीतल्या वेड्याच्या उच्चारानं रूढ होता आणि त्यावरचे विनोदही ठरलेले होते. वस्तू मात्र विनोदाची नाही. कागदी पाकिटातून निघते ती एक मऊ, लुळी पिशवी, लहान बाळाच्या मोज्याएवढी. तोंडाशी ओवलेला दोरा असतो. चिनीमातीच्या नोझलच्या खाचेत तो बसवून, चुण्या चारी बाजूंना सारख्या वाटून गाठ मारायची. चुण्या एका अंगाला जमल्या की मेंटल वाकडं फुगतं आणि काचेच्या एका बाजूला जास्त ताप बसतो. मग काडी लावायची. कापड काळं पडतं, आकसतं, एक लालसर कड वरवर सरकत जाते, आणि मागे पांढरी राख उरते जी राखेसारखी पडत नाही. विणीचा प्रत्येक धागा शाबूत, पण धागा गेलेला. या क्षणापासून तिला बोट लावायचं नाही. बत्ती जोरात टेकवली, पंख्याचा वारा लागला, आंधळा किडा आदळला, की भोक पडतं. भोकातून ज्योतीची जीभ बाहेर येते आणि नेमकी समोरच्या काचेला तडा देते. एका मेंटलपायी काच जाणं हा बत्तीवाल्यांचा कायमचा नुकसानीचा हिशेब.

आता रॉकेलाचा प्रवास. टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण वरची मोकळी जागा रिकामी नसते. पंपानं कोंबलेली हवा तिथे स्प्रिंगसारखी बसते आणि रात्रभर रॉकेलाला खालून वर ढकलते. पंपाच्या दांड्याला चामड्याचा वायसर. तो सुकला की पंप नुसता मागेपुढे होतो आणि हाताला काही लागत नाही. मग थेंबभर तेल सोडायचं. पंपाच्या तळाशी हवा परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह. बाजूला दाबाचं घड्याळ, त्यावर लाल रेघ. त्यालाच लागून हवा सोडायचा स्क्रू, जो सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग: काहीही बिघडलं तरी आधी तो ढिला करायचा.

यापुढचा भाग म्हणजे जनरेटर, आणि इथे लेखकांनी हात मोकळा सोडून चित्रं काढली आहेत. हस्तलिखिताबरोबर त्यांनी मला एक वापरलेला जनरेटर पाठवला, करवतीनं उभा चिरलेला. बाहेरून पितळेची साधी नळी, वर एक वळसा. आत पाहिलं तर खालचा भाग अजून चकचकीत. वर जावं तसा काळा थर जाड होत जातो आणि वळशापाशी सुईच्या नेढ्याएवढी वाट उरलेली. खालून द्रव रॉकेल चढतं. नळी मेंटलच्या शेजारून जाते, तिच्या तापानं रॉकेल नळीतच उकळतं आणि वळशापर्यंत त्याची वाफ झालेली असते. ती वाफ निप्पलच्या बारीक छिद्रातून झोतासारखी सुटते, सुटताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेते, दोघांचं मिश्रण वाकड्या नळीतून खाली येतं आणि नोझलमधून मेंटलमध्ये शिरून निळं जळतं. त्या जळण्यानं मेंटल तापतं, मेंटलनं नळी तापते, नळीत पुढचं रॉकेल उकळतं. बत्ती अशी स्वतःच्याच उष्णतेवर गॅस करत राहते. फक्त पहिला ताप उसना घ्यावा लागतो; त्यासाठी स्पिरिटची वाटी, आणि पुढच्या बत्त्यांना टाकीच्याच दाबावर चालणारी भडकती तोटी, जिला रॅपिड म्हणतात. उसना ताप कमी पडला तर वर वाफेऐवजी रॉकेल पोचतं आणि बत्ती टोपीपर्यंत पिवळी पेट घेते. बाकीचे ओरडतात. बत्तीवाला शांतपणे हवा सोडतो आणि पुन्हा वाटी भरतो.

बत्तीवाल्यानं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या चिरलेल्या नळीत होतं.

त्या काळ्या थरानं या दिव्याचं अर्थकारणही ठरवलं. रॉकेल नळीत उकळताना थोडं करपतंच. छिद्र बुजू नये म्हणून खालच्या चाकीनं वरखाली होणारी सुई दिलेली असते, पण सुई छिद्र साफ करते, नळी नाही. रेशनच्या निळ्या रॉकेलात भेसळ असली तर नळी आणखी लवकर भरे. बत्ती विकत घेणं कोणालाही जमेल. ती चालती ठेवणं हा स्वतंत्र धंदा आहे. अमेरिकेत विल्यम कॉफिन कोलमन यांना हे फार लवकर कळलं. टाइपरायटर विकत फिरणाऱ्या या अधू दृष्टीच्या माणसानं अलाबामातल्या ब्रॉकटन गावी दुकानातला मेंटलचा दिवा पाहिला, त्याच्या उजेडात आपल्याला बारीक अक्षर वाचता येतं हे पाहून हरखला आणि १९०० मध्ये ओक्लाहोमातल्या किंगफिशरला दिवे विकायला गेला. कोणी घेईना. आधीच्या विक्रेत्याचे दिवे काजळीनं तुंबून बंद पडले होते. मग कोलमन यांनी विकणं सोडलं आणि आठवड्याला एक डॉलर भाडं लावलं. दिवा ते सांभाळणार, दिवा लागला नाही तर पैसे नाहीत. आमच्या शेजाऱ्यांनी कोलमन यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांची अट तीच होती: वरात पोचेपर्यंत बत्ती विझली तर तिचं भाडं घ्यायचं नाही.

कोलमन यांनी नंतर केलेल्या बत्तीत एक वेगळा मार्ग आहे. तिच्यात रॉकेलाऐवजी हलकं पेट्रोल असतं; ते कमी तापात वाफ होतं, त्यामुळे स्पिरिटची वाटी गेली आणि पेटवणं झटपट झालं. बदल्यात जास्त पेट घेणारं इंधन दाबाखाली हातात आलं. रॉकेलच्या बत्तीत कोणी शहाण्यानं पेट्रोल घालू नये, हे लेखकांनी तीन ठिकाणी बजावलंय. मी चौथ्यांदा बजावतो.

आपल्याकडे आली ती मुख्यतः जर्मन घराण्याची बत्ती. बर्लिनच्या एरिश उंड ग्रेट्स या कारखान्यात माक्स ग्रेट्स यांनी १९१० च्या सुमारास ती घडवली. जर्मनीत रॉकेलला पेट्रोलियमच म्हणतात. त्याला मालकाचं नाव जोडून झालं पेट्रोमॅक्स. मोठ्या बत्तीवर ५०० हा आकडा असतो, तो मेणबत्त्यांचा. जाहिरातीतला आकडा म्हणून थोडा हातचा राखून वाचावा. एक लिटर रॉकेलात साधारण आठ तास, म्हणजे दशावताराचा खेळ गणपतीच्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत, मध्ये पंपाचे दोनचार हात मारून. नाव मग इतकं घट्ट बसलं की कोणत्याही देशाच्या, कोणत्याही छापाच्या बत्तीला पेट्रोमॅक्स म्हणू लागले. त्याआधी हाच मान किटसनचा होता. इंग्लंडच्या आर्थर किटसन यांचा रॉकेलच्या वाफेचा दिवा १९०१ मध्ये दीपगृहात गेला, आणि जुन्या नाटकमंडळ्यांच्या आठवणींत ‘किटसन’ म्हणून येतो तो त्याच कुळातला.

मेंटल आधी उभं असे, खांबावर टोपी घालावी तसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उलटं टांगलं गेलं आणि उजेड खाली पडू लागला. पण हातातल्या बत्तीच्या पायाशी टाकी असते आणि टाकीची सावली चुकत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण पणतीवरून आली असली तरी खरी लागू पडते ती इथे. म्हणून बत्ती उंच टांगायची, नाहीतर डोक्यावर घ्यायची. वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर टाकीची सावली असे आणि नवरानवरी झगझगीत. फोटोत त्या सापडत नाहीत. पुस्तकात या बायकांवर दोनच ओळी आहेत. अजून हव्या होत्या.

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जाताना मात्र ही सावलीच सोयीची. बत्ती धरणारा इरल्याखाली अंधारात राहतो आणि व्हाळाच्या पाण्यात समोर दहा पावलं दुपार होते. तापलेल्या काचेवर थेंब पडला की काच तडकते, म्हणून वर पत्र्याची रुंद टोपी, आणि काही जुन्या बत्त्यांना काचेऐवजी अभ्रक.

या सगळ्यात वाया किती जातं, हा प्रश्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं घेतला. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे नूरी नावाचा दिवा केला. दाब पेट्रोमॅक्सपेक्षा कमी, उजेड शंभर वॉटच्या बल्बाइतका, आणि रॉकेलाखेरीज डिझेल किंवा अल्कोहोलवरही चालणारा. पुढे त्यांनी लॅनस्टोव्ह केला. बत्तीच्या डोक्यावरून जी धग नुसतीच आढ्याला जाते, तिच्यावर भांडं ठेवायचं. उजेडही मिळतो आणि भातही शिजतो. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. वीज गावोगाव पोचल्यावर हे दिवे घरोघर गेले नाहीत, पण बत्तीची जुनी रचना फलटणला नव्यानं उलगडली गेली, हे या पुस्तकात यायलाच हवं होतं आणि आलंय.

गोबरगॅसच्या दिव्यावरचं प्रकरण छोटं आहे आणि ते आधी वाचलं तरी चालेल. तिथे गॅस आयता येतो. त्यामुळे टाकी, पंप, जनरेटर, स्पिरिटची वाटी सगळं गळतं आणि उरतात फक्त निप्पल, मिश्रणाची नळी, नोझल आणि मेंटल. छोट्या सिलिंडरवर बसवलेला हातगाडीवरचा दिवा तसाच. बत्तीचा किती भाग कारखाना आहे आणि किती दिवा, ते तिथे उघडं पडतं.

थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं. पेटलेल्या मेंटलपाशी बसून कोणाचं काही बिघडत नाही. फुटलेल्या मेंटलची पूड मात्र फुंकून उडवू नये, ओल्या फडक्यानं टिपावी, हात धुवावेत. कोलमन कंपनीनं १९९० च्या दशकात थोरियम सोडून इट्रियम घेतलं. जुने लोक म्हणतात, तो उजेड तसा नाही. मी तुलना केलेली नाही.

हस्तलिखित संपल्यावर मी माळ्यावरची बत्ती उतरवली आणि तिसऱ्या प्रकरणाप्रमाणे पेटवायला बसलो. पहिल्यांदा स्पिरिट कमी घातलं. गॅलरीत पिवळा भडका, छताला काळा डाग, घरातून हाक. दुसऱ्यांदा वाटी पूर्ण जळू दिली. सूं असा आवाज धरला, मेंटल फुगलं, आधी निळसर, मग पांढरं. शेजारचा मुलगा आवाज ऐकून आला. तो बत्तीभोवती एक फेरी मारून, वाकून खाली, मागे, खुर्चीच्या पलीकडे काहीतरी शोधू लागला.

‘‘काका, हिचा सिलिंडर कुठाय?’’

मी चिरलेली नळी त्याच्या हातात दिली.